केसांची जात

मावशी गेल्याचा फोन आला तेव्हा माझे केस ओले होते. तशीच यवतमाळहून नेरची बस पकडली. अंगणात पाय ठेवला आणि कुणीतरी मागे पुटपुटलं, "डोक्यावरून पाणी घेऊन आली का हे?" सुतकाचं पाणी नंतरचं असतं, मला ठाऊक होतं. पण केस सावकाश, आपोआप वाळू द्यायचे हे मला शिकवणारी बाईच तिथे निजली होती... कुणाला काय सांगणार?

सुनंदामावशी माझ्या आईची धाकटी बहीण. नेरला घराच्या पुढच्या खोलीत तिचं पार्लर होतं. माझे केस लहानपणापासून कुरळे, दाट. आई ते कोरडेच विंचरायची, कंगव्याचे दात मोडायचे. माझं लग्न ठरलं तेव्हा सासरकडून निरोप आला, मुलगी पसंत आहे, केस तेवढे सरळ करून घ्या. मावशी नुकतीच अमरावतीला कोर्स करून आली होती. तिनं हौसेनं क्रीम लावलं. कुरळेपणा हटेना म्हणून आणखी थोडा वेळ ठेवलं, मग इस्त्री फिरवली. दोन दिवस मी आरशासमोरून हलले नाही. तिसऱ्या दिवशी केस धुताना तिच्या हातात झुपकेच आले.

लग्न डोक्यावरच्या पदरामुळे निभावलं. पंगतीत मावशी जेवली नाही.

"मी तुह्या केसायची जातच नाही पाह्यली वं," ती मला म्हणाली. "डब्यावरच्या बाईचे केस पाह्यले फक्त."

त्यानंतर ती ही जात शिकत गेली. पार्लरमध्ये येणाऱ्या प्रत्येकीचे केस आधी नुसते धुवायची. तेल नाही, कंगवा नाही. वाळले की पाहायची, सरळ पडतात, लाट येते की वेटोळं होतं. एक केस चिमटीत फिरवून जाड की बारीक ते बघायची. पाणी चटकन पिणारे केस आतून पोखरलेले असतात, म्हणायची. माझ्यासाठी ती दर पंधरवड्याला यवतमाळला माझ्या सासरी यायची. शाम्पू फक्त टाळूला, टोकांना कंडिशनर. ओल्या केसांतच रुंद दातांचा कंगवा, तोही खालून वर. टॉवेलनं घासायचं नाही, जुन्या सुती लुगड्यात दाबून घ्यायचं. आणि दर वेळी थोडी कात्री. "जळलेलं जुळत नाही, कापाच लागते." दोनेक वर्षांनी खांद्यावर पुन्हा माझी वेटोळी आली.

"मावशी, झालं आता. मी केव्हाच विसरले."

"तू विसरली... मी कशी विसरू?"

मी विसरले, हे तिला किती वेळा म्हणाले असेन. तिनं कधी ऐकलं नाही.

एकदा तिनं मला नेरला तातडीनं बोलावलं. राळेगावकडची एक मुलगी आईबरोबर बसली होती. आठवड्यात पाहुणे येणार होते, केस सरळ हवे होते. केस माझ्यासारखेच, वरून रंगवून रखरखीत झालेले. मावशीनं मला तिच्यासमोर उभं केलं. "हे माही भाची. इचे केस मीच जाळले होते." ती सगळं सांगत गेली, झुपके कसे हातात आले तेसुद्धा. मला वाटलं, जमिनीत गडप व्हावं. बाई माझ्या डोक्याकडे बघत उठली. "आमाले दुसरीकडं करून भेटते." मुलीचा हात धरून निघालीसुद्धा. मावशी अनवाणी रस्त्यावर धावली. "बाई, कराचंच असन तं आधी मांगच्या एका बटेवर करून पाहा! पोरीचं सारं डोस्कं नका देऊ त्यायच्या हाती!" बाईनं वळून पाहिलं नाही. मुलीनं पाहिलं.

आज लोक माझ्या केसांचं कौतुक करतात तेव्हा मला चोरट्यासारखं होतं. केस बरे झाले ते तिच्या टोचणीवर. मी सुटले, ती शेवटपर्यंत सुटली नाही.

माझी मुलगी सातवीत आहे, तिचेही केस तसेच. तेरवीनंतरच्या रविवारी ती ओले केस विंचरून घ्यायला पुढ्यात येऊन बसली. मावशी कुणाच्याही डोक्याला हात लावताना एकच विचारायची, हलक्या आवाजात, पुन्हापुन्हा. घरी मी वऱ्हाडी फारसं बोलत नाही, पण त्या दिवशी तोंडून तेच निघालं, "दुखत तं नाही न वं?"

मुलगी मागे वळली. "आई, तू अजून कंगवा लावलाच नाहीस."