गाईचं लिवा

“ते दुधाचं काढा, बाई. घाण दिसतंय.”

दादासाहेब हे सगळ्या भावकीसमोर म्हणाले. न्हावऱ्यात त्यांच्या ओसरीवर त्यांच्या वडिलांच्या, आबांच्या, गौरवग्रंथाचं वाचन चाललं होतं. आबांचं सहस्रचंद्रदर्शन जवळ आलेलं. ग्रंथ मी लिहिलेला, वाचत होते मीच. आबा मधोमध, भावकी खुर्च्यांवर, मी पायरीवर. फोनवर मी मॅडम होते. ओसरीवर आल्यावर नेमकी माझीच खुर्ची कमी पडली.

मी शिरूरला राहते. पन्नाशीला आलेय, लोकांसाठी लिहून पोट भरते. लेक म्हणते फ्रीलान्स रायटर, नवरा म्हणतो भाडोत्री कौतुक. नवऱ्याचं जास्त बरोबर आहे. गिऱ्हाइकाच्या सूचनांचा मला राग येत नाही, अशी माझी ख्याती. यवतच्या एका ढाबेवाल्याला मी ‘युगपुरुष’ करून दिलंय. त्यानं पुढं ‘थोर’ मागितलं. तेही दिलं.

आमच्याकडं असला ग्रंथ छापण्याआधी भावकीपुढं वाचतात. कुणाचं नाव राहिलं तर पुढं तोंडं बघत नाहीत एकमेकांची. त्या दिवशीही दादासाहेबांच्या थोरल्या काकूंना स्वतःचा फोटो मोठा हवा होता. पुतण्याला त्याची बैलगाडा शर्यत हवी होती, तीही आबांच्या बालपणात. मी मान डोलावत लिहून घेत होते.

मग ते पान आलं. आबा जन्मले आणि त्यांच्या आईला ताप भरला. दूध आटलं. तेव्हा ओढ्यापलीकडं मांगवाड्यात एक ओली बाळंतीण होती, तिला बोलावून आणलं. तिनं आधी आबांना पाजलं, मग उरलं तर स्वतःच्या पोराला. ती माझी आजी, काशीबाई. ते पोर म्हणजे माझा बाप.

हे मी मनचं लिहिलं नव्हतं. आबांनीच सांगितलं होतं, माझ्या फोनपुढं, डोळे पुसत. “तुझ्या आजीनं जगिवलं मला, पोरी. हे लिव.”

“आबा मांगिणीचं दूध प्याले, हे लोकांनी वाचायचं व्हय?” दादासाहेब म्हणाले.

“गाईचं लिवा,” काकू म्हणाल्या. “गाईचं शोभतंय.”

सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, “कपिला लिवा, कपिला.”

मी आबांकडं पाहिलं. ते सुपारी कातरत होते. मान वर न करता म्हणाले, “पोरं म्हणत्यात तर लिव गाय. आता काय त्याचं?”

पेन उघडंच होतं. हाताला सवय. पण हात हलेना. आणि तोंडातून शिरूरची शुद्ध भाषा गेली, वस्तीतली आली.

“न्हाई लिवणार.”

“काय म्हणलीस?” बाईची मी ‘तू’ झाले.

“गाय न्हाई लिवणार. बाई हुती ती. काशीबाई.”

“तुला लिवाया बोलावलंय. तुझं खानदान सांगाया न्हाई.”

“मग दुसरं कुणी बघा.”

कागद उचलले. माझे होते. पायरी उतरताना गुडघा कटकन वाजला; रुबाबात निघून जाणंसुद्धा मला धड जमत नाही. मागून पुतण्या ओरडला, “शर्यतीचं तेवढं लिवून जा की, मॅडम!” एसटी येईपर्यंत मी फाट्यावर उभी होते. आबांची ती कातरणारी बोटं डोळ्यांपुढून हलत नव्हती. ज्या दुधावर ती वाढली, ते माझ्या बापाच्या वाटणीचं होतं.

ग्रंथ निघाला. दुसऱ्या कुणीतरी लिहिला. त्यात कपिला गाय आहे. तिचं रंगीत चित्रसुद्धा आहे.

सूचना मी अजूनही ऐकते. विशेषणं मागा, हवी तेवढी देईन. माणूस खोडून जनावर लिहा म्हणाल, तर उठून जाईन. आणि काशीबाईचं पुस्तक मी लिहायला घेतलंय. त्यात आबांचं नाव येणार, आडनावासकट, गावासकट. ते वाचायचं ओढ्यापलीकडं, वस्तीत, भर चौकात. ज्याला ऐकायचंय त्यानं तिकडं यावं. एक अक्षर बदलणार नाही.