दुसऱ्या आईची रेघ

परळच्या आमच्या प्रयोगशाळेत माझ्या शेजारच्या टेबलावर माझी मैत्रीण बसायची. लालबागच्या चाळीत वाढलेली, भारी फटकळ. कोकणातल्या एका लाल भाताचं मूळ शोधण्यात तिची उमेदीची वर्षं गेली. तो दोन जुन्या जातींच्या संकरातून आलाय, हे तिनेच दाखवलं. त्यामुळे त्याची वंशावळ म्हणजे नुसतं फांद्या फुटणारं झाड नव्हतं. फुटलेल्या दोन फांद्या पुढे एकमेकींना मिळत होत्या.

"माझ्यासारखाच तो," ती म्हणायची. ती जन्मली तेव्हा तिची आई आजारी पडली, म्हणून धाकट्या काकीने तिला अंगावर पाजलं. दोघींना ती आईच म्हणे. हाक मारली की दोघी ओ द्यायच्या.

मग तिला कॅन्सर झाला. लेख छापायला जायचा होता, आणि त्यातलं वंशावळीचं चित्र डोळ्यांनी बघायची तिला घाई. तिच्या प्रोग्राममधून फाइल काढून मी चित्राच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतली. एकही एरर नाही! फक्त भाताचं नाव दोन ठिकाणी दिसत होतं. आमच्या धंद्यात दुहेरी नोंद दिसली की हात शिवशिवतात. एक उडवली आणि चित्र वॉर्डात नेलं.

"अगं बये, दुसरी आई कुठे गेली?" तेवढ्या अशक्तपणातही ती खेकसली.

खरंच की. संकराचा सांधा फाइलमध्ये दोनदा लिहितात, आणि दोन्ही एकच हे कळायला खूण घालतात. या मेल्या सॉफ्टवेअरला ती खूण वाचताच येत नव्हती. त्याच्या लेखी प्रत्येकाला आई एकच.

"नीट कर. दोघी हव्यात मला."

खूण वाचणारं दुसरं सॉफ्टवेअर शोधलं. दोन्ही रेघा भातापाशी येऊन मिळाल्या तेव्हा मला रडूच आलं. प्रिंट घेऊन तशीच धावले.

हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर काकी पेजेचा डबा घेऊन बसली होती. पास एकाच नातेवाइकाचा.

"आई आहे ना वर? मग झालं तर," वॉचमन म्हणाला. मी त्याच्याशी कडाकडा भांडले. काही उपयोग झाला नाही.

तेवढ्यात तिची आई जिना उतरून आली. हातातला पास तिने काकीच्या हातात कोंबला.

"जा गो वर. गेली आपली बाय," ती म्हणाली. "आई, आई करत होती. मी ओ देत होते, तरी हाका मारतच होती."