पित्त म्हणजे कोणतं पित्त

रुपराव मला आधी ऐकू आला, मग दिसला. मनीषनगरात एका लग्नानंतरचं मटणाचं जेवण होतं. पंगतीच्या टोकाकडून असा भुरका आला की मांडवाचं कापड आत ओढलं गेलं, माझ्या ताटातला कांदा तिकडे सरकला आणि नवरदेवाच्या मामाने आपला केसांचा टोप दोन्ही हातांनी धरून ठेवला. वाकून पाहिलं, तर एक किरकोळ गृहस्थ वाटी खाली ठेवत म्हणाला, "रस्सा पातळ आहे भाऊ, पण आपन कोनाचं मन मोडत नाही." आणि वाढप्यापुढे पुन्हा वाटी धरली.

तेव्हापासून आमची दोस्ती. रुपराव नंदनवनात राहतो, सीताबर्डीत कापडाच्या दुकानात शर्ट दाखवतो आणि पोळ्याला कुहीकडच्या गावी जाऊन भावाचे बैल धुतो. देवावर त्याची श्रद्धा आहे, पण ती रविवारी दुपारी, मटणाची नळी फोडताना, सर्वात जास्त दिसते.

गेल्या पोळ्यानंतर त्याच्या अंगावर पित्त उठायला लागलं. अधूनमधून संध्याकाळी लाल चट्टे, मरणाची खाज. त्याच्या बायकोने, पंचफुलावहिनींनी, आमसुलाचं पाणी चोळलं. रुपरावने मेडिकलमध्ये जाऊन पित्ताची गोळी मागितली. आपल्या भाषेत पोटात जळजळलं तरी पित्त आणि अंगावर फुगलं तरी पित्त. दुकानदाराने पोटाची गोळी दिली. पोट गार झालं, अंग पेटलेलंच राहिलं.

चट्टे संध्याकाळी उठत, म्हणून आरोप संध्याकाळच्या ताटावर. आधी वांगं बंद झालं, मग तुरीची डाळ, मग शेंगदाण्याची चटणी. मटणाकडे कोणी बोट दाखवलं नाही.

"त्यानं काय केलं गा?" रुपराव म्हणे. "ते त दुपारीच जिरते!"

पण दर खेपेला पित्त वर चढत होतं. आधी मांड्या, मग छाती, मग ओठ. रुपराव रोज संध्याकाळी आरशापुढे जीभ काढून बसू लागला. गळा चालू आहे का, हे पाहायला दुकानातही सारखा आवंढा गिळायचा. गिऱ्हाइकांना वाटे, शर्टाची किंमत सांगायला हा घाबरतोय.

"भाऊ, गळ्यापर्यंत आलं त?" त्याने एकदा मला विचारलं. मी कोटी करणार होतो. त्याचा चेहरा पाहून त्याला 'आ कर' म्हटलं.

यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, त्याने मला मटण खायला बोलावलं. दुपारी हात चाटेस्तोवर जेवलो. संध्याकाळी वहिनींनी हट्टाने वांग्याची भाजी केली. रुपरावने भीतभीत एक फोड खाल्ली आणि तळहात खाजवू लागला. बघता बघता ओठ फुगले. काहीतरी बोलायला गेला, तर नुसती शिटी वाजली. ऑटोत त्याने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की मलाच धाप लागली.

दवाखान्यात इंजेक्शन दिल्यावर हळूहळू आवाज फुटला. डॉक्टर अरुंधतीबाईंनी विचारलं, "काय खाल्लं होतं?"

"वांगं!"

वहिनी उसळल्या. "माह्या वांग्याले काहून बदनाम करता? दुपारी अर्धा बोकड कोनं हानला?"

डॉक्टरबाईंचा पेन थांबला. "दर वेळी दुपारी मटण असतं?" दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. असायचं. "कधी गोचीड चावली होती?"

"पोळ्याले बैल धुतो म्याडम. गोचीड का विचारून चावते?"

मग त्यांनी समजावलं. गोचीड चावल्यावर काहींच्या शरीराला बोकड, डुक्कर अशा प्राण्यांचं मांस सोसेनासं होतं, आणि त्रास काही तासांनी होतो. रक्त तपासू, पण तोवर मटण बंद. पुढच्या वेळी गळा पूर्ण मिटू शकतो.

"म्हणजे दुपारचं बोकड संध्याकाळी बदला घेते?" रुपराव म्हणाला. "कोर्टासारखी तारीख देऊन राहिलं का ते?"

वहिनींनी डोळ्याला पदर लावला. रुपराव बराच वेळ आवंढा गिळून पाहत होता.

तपासणीत तेच निघालं. रुपराव आता रविवारी सोयाबीनच्या वड्या खातो.