नाव घेतल्याशिवाय पास नाही

हॉस्पिटलातली मल्याळी नर्स म्हणाली, "आंटी, नाम लेकर बुलाओ, शायद सुनेंगे." मी यांच्या कानाशी वाकले आणि म्हटलं, "अहो…" परत म्हटलं, "अहो, मी आलेय." नर्स माझ्याकडे बघतच राहिली. त्रेचाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचं नाव मी कधी तोंडाने घेतलं नव्हतं, आणि त्या घडीलाही जीभ वळली नाही. तासाभरात हे गेले. सहा आठवडे होतील आता.

आमच्या घरात, तिकडे वसईला, बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. शारजात येऊनही माझं ते सुटलं नाही. टायपिंग सेंटरमध्ये व्हिसाच्या फॉर्मसाठी नवऱ्याचं नाव विचारलं, की मी यांचं कार्डच पुढे सरकवायचे. हे शेजारी उभे राहून हसायचे.

दुबईत, देऱ्यातल्या शिपिंग ऑफिसातून हे रिटायर झाले आणि इथल्याच एका छोट्या कॉलेजने यांना फुटबॉलचे कोच म्हणून बोलावलं. तरुणपणी वसईत गाजलेले खेळाडू होते हो. पण ती टीम म्हणजे, काय सांगू… दोन वर्षांत एक मॅच जिंकलेली नव्हती. प्रिन्सिपॉल म्हणाले, एवढं वर्ष बघू, नाहीतर खलास, टीम बंद. पहिला आठवडा हे नुसते बाकावर बसून बघत होते. घरी येऊन म्हणाले, "फिलू, ती एक टीम नाहीच. मल्याळी मल्याळ्याला पास देतो, पाकिस्तानी पाकिस्तान्याला, अरब अरबाला. समोर गोल मोकळा असला तरी." मग यांनी एकच नियम केला. ज्याला पास द्यायचा त्याचं नाव आधी मोठ्याने घ्यायचं. विसरला तो बाकावर. 'ब्रो' चालणार नाही, 'हबीबी' तर नाहीच. कुणी हबीबी म्हणून ओरडलं की हे शिट्टी मारून विचारायचे, यातला कोणता, मला तर इथे अकरा हबीबी दिसतायत. सुरुवातीला निम्मी टीम बाकावरच असायची म्हणे.

लगेच काही जिंकले नाहीत. आधी सात-शून्य हरायचे, मग दोन-एकवर आले. मी हाफटाइमसाठी संत्री सोलून न्यायचे. एकदा अशीच पाठमोरी बसून सोलत होते, तर मैदानावरून नुसती नावं ऐकू यायला लागली. हमझा… करीम… निखिल… मला खेळातलं काही कळत नाही, पण इजिप्तच्या करीमने केरळच्या निखिलचं नाव घेतलं तेव्हा मी वळले. बॉल निखिलच्या पायात, आणि गोल! ती त्यांची पहिली जिंकलेली मॅच. पोरं एकमेकांवर पडली होती आणि हे वहीत मान घालून काहीतरी लिहीत होते. डोळे भरले की यांना वही लागायची. टीम टिकली. तिसऱ्या वर्षी कप आणला.

तो नियम मग आमच्या जेवणाच्या टेबलावरही आला. "फिलू," म्हणायचे आणि मीठ सरकवायचे. मी आपली गुपचूप परत सरकवायची. "फाउल. नाव नाही घेतलंस." मी म्हणायचे, आता या वयात काय मेलं नाव घ्यायचं. "बरं, मग मी बसतो बाकावर," असं म्हणून खुर्ची मागे घ्यायचे, आणि जेवण निवेपर्यंत बसायचेसुद्धा. मी हसायचे. नाव काही घेतलं नाही…

मागच्या शुक्रवारी टीममधली मुलं येऊन गेली. करीमने यांची शिट्टी आणून दिली, ती टेबलावरच आहे. मुलगा कॅनडाहून फोन करतो, मम्मी, इकडे ये. वॉचमनला मी मॅडम, या मुलांना आंटी. फिलू म्हणणारं आता कुणी नाही.

सकाळी एकच अंडं उकडते. खिडकीतून खालिद लगूनचं पाणी दिसतं. यांच्या खुर्चीसमोर बसते, मीठ पुढे सरकवते आणि नाव घेते, "बस्त्याव." पहिल्या दिवशी आवाजच फुटला नव्हता. आता जीभ छान वळते. मीठ तिकडेच राहतं. थोड्या वेळाने उठून, टेबलाला वळसा घालून, मीच ते घेऊन येते.