पितळेवरचे जाळ्याचे वळ

ती घटना आठवली की आजही खाडीच्या चिखलाचा वास नाकात येतो. नव्वदच्या दशकात मी नवी मुंबईत फौजदार होतो. पावणे गावाजवळच्या कारखान्यांच्या पट्ट्यात चोरीचं भंगार रोजचंच. भंगाराचं नाव निघालं की ठाण्यातले हवालदारसुद्धा तोंड वाकडं करायचे.

एके दिवशी माझा खबऱ्या आला. तो एका भंगाराच्या दुकानात वजनकाट्यावर बसायचा. म्हणाला, "साहेब, पितळेचे व्हॉल्व येतायत. वरून एकदम म्हातारे, काळे. पन आतले आटे बघा, कोरे करकरीत. एकदापन फिरवलेले नाय."

दुकानात जाऊन पाहिलं. खबर पक्की होती. भंगार म्हणून बिनबोभाट खपावा म्हणून नवा माल मुद्दाम जुना केला होता. ॲसिडचा वास मात्र नव्हता, चिखलाचा होता. आणि काळ्या पितळेवर फिकट चौकटी दिसत होत्या, छडीचे वळ उठावेत तशा. जाळ्याचा दोरा घट्ट बसला होता तेवढी जागा काळी पडली नव्हती. म्हणजे माल जाळ्यात बांधून खाडीत बुडवलेला. सांडपाण्याने त्या चिखलाची अशी दशा झाली होती, की कोरं पितळ चार दिवसांत शंभर वर्षांचं दिसावं.

जाळ्याचा माग काढत खाडीकाठच्या कोळीवाड्यात गेलो. मासळी संपल्यापासून घरोघरची जाळी माळ्यावर धूळ खात पडली होती. एकाच घराच्या पडवीत ओलं जाळं टांगलेलं होतं. मोतीबिंदूने डोळे गेलेला एक म्हातारा बोटांनी चाचपत ते शिवत होता.

"बाबा, जाळं ओलं कसं?" मी विचारलं.

म्हातारा खुलला. "पोरगा परत खाडीन जातंय, सायब! म्हावरा आनतंय. सगले बोलत व्हते, खाडी मेली."

दारात उभ्या सुनेने मान फिरवली. मी काय ते समजलो.

मुलगा हे व्हॉल्व बनवणाऱ्या कारखान्यातच गेटवर वॉचमन होता. चौकशीसाठी ठाण्यात आणला. बराच वेळ "मना काय म्हायती नाय" एवढंच चाललं होतं. मी जाळ्याचं नाव काढलं आणि तो ढसाढसा रडायला लागला.

"माल मीच नेला, सायब. नोकरी जाऊ द्या, जेलात टाका. पन बापसाला जाल्याचं सांगू नका. त्याच्या हाताला जाला ओला लागला, इचारलं, म्हावऱ्याला गेल्तास? मी हो बोल्लो. त्या दिशी तो पोटभर जेवला."

तेव्हापासून त्याची बायको बाजारातली मासळी आणून खाडीतला म्हावरा म्हणून वाढत होती.

दुसऱ्या दिवशी त्याने पंचांसमक्ष खाडीतून उरलेला माल काढून दिला. जाळं हा पुरावा, त्यांच्या पडवीत जाऊन ते जप्त करणं भाग होतं. आणि पंचनामा पंचांना वाचून दाखवावा लागतो. मी म्हाताऱ्याला आत न्यायला सांगितलं, पण तो जाळ्याची कड सोडेना. हवालदार जमेल तितक्या हळू आवाजात वाचत होता. 'सदर जाळ्यात चोरीचा माल बांधून' हे शब्द आले आणि म्हाताऱ्याची बोटं थांबली.

चोरी का केली, असं त्याने विचारलंच नाही. मुलगा ज्या बाजूला उभा होता तिकडे तोंड वळवून एवढंच म्हणाला, "म्हंजे म्हावरा नव्हताच?"

मग त्याने जाळ्याची कड सोडून दिली.

पुढे मुलाला शिक्षा झाली, कामही गेलं. माझ्या सेवेत मी पुष्कळ खोटं उघडं पाडलं, त्याचा मला अभिमान होता आणि आहे. पण त्या पडवीत पहिल्यांदा वाटलं, हे एवढं एक खोटं टिकलं असतं तर बरं झालं असतं. कायद्याला असं वाटून घेता येत नाही, आणि घेऊही नये. माणसाला मात्र वाटतं. आपण शोधलेलं खरं कोणाच्या दारात जाऊन पडतं, तिकडे मी त्या केसनंतर बघायला लागलो.

निकालानंतर जाळं परत घेऊन जा, असा निरोप मी धाडला. सून आली, पण तिने जाळ्याला हात लावला नाही.

"सासरा बोल्ला, ठाण्यानच ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "खाडी मेली."