कैफियतीचा रकाना

बेल्याच्या सरकारी कचेरीतले एक कारकून फावल्या वेळात ट्रॅक्टर शर्यतीच्या एका फुकट गेमची नोंदवही लिहितात. गेम सुरू करताना त्याच्या नावापुढे कोणता शब्द जोडला की काय होतं, सेटिंगच्या फाइलीत कोणता आकडा बदलला की काय बिघडतं, सगळं ओळीनं. कचेरीच्या सवयीनं शेवटचा रकाना कैफियतीचा, म्हणजे शेऱ्याचा. ‘चिखल शून्य केला. ट्रॅक्टर उडून राह्यला.’ खाली सही.

चहाच्या टपरीवर मात्र त्यांचं पालुपद ठरलेलं. “शेवटची शर्यत म्या एकबी आकडा न बदलता जिकली, मास्तर.” त्याच गेममधला माझा ट्रॅक्टर रोज पाचव्या वळणावर उलटतो, म्हणून मी गप ऐकतो.

परवा मी झेरॉक्ससाठी वही मागितली. दिली, पण एका ओळीवर कागद चिकटवलेला.

“हे काऊन झाकलं?”

“ते तुमच्या कामाचं नाई.”

“मग खोडून टाकायचं.”

ते दुखावले. “लिहिलेली नोंद खोडता येते का, मास्तर?”

झेरॉक्सच्या दुकानाबाहेर मी ते पान उन्हात धरलं. कागदाखालचं अक्षर स्पष्ट दिसलं. आधी ट्रॅक्टर न उलटण्याचा आकडा, आणि कैफियतीत: ‘हा लावूनच शेवटची शर्यत जिकलो.’ खाली सही.

दुसऱ्या दिवशी टपरीवर मी सांगितलं, “काल म्याबी शेवटची शर्यत जिकली. एकबी आकडा न बदलता.”

माझ्याकडे बघत ते बशीत चहा टेबलावर सांडेपर्यंत ओतत राहिले.