नवव्या ब्राऊनवरचे पाय

राग आला की थंड पाणी प्यावं, असं डॉक्टर सांगतात. मी पिते. पण आमच्या मैदानाचा विषय निघाला की पाण्याने भागत नाही, किस्साच सांगावा लागतो. आणि एक सांगितला की दुसरा मागे उभाच असतो, रेशनच्या रांगेसारखा! घरचे तर आता मी तोंड उघडलं की टीव्हीचा आवाज वाढवतात. तेव्हा तुम्ही ऐका.

मी शाळेत पी.टी. शिकवायचे, आता रिटायर झाले. आमच्या अमरावतीत परतवाड्याच्या रस्त्याला एक जुनं गोल्फचं मैदान आहे, नऊ होलचं. क्लबचं नाही हं, सार्वजनिक! कोणीही यावं आणि खेळावं, अशी त्याची रीत होती. पुढे कोणी लक्ष दिलं नाही. बाभळी वाढल्या, गाजरगवत माजलं, आजूबाजूच्या लग्नांतल्या पत्रावळी तिथे येऊन पडायला लागल्या. मग ज्या कार्यालयाच्या ताब्यात ते आहे, तिथे एक फाईल हलायला लागली. जागा बिनवापराची आहे, लग्नाच्या लॉनला देऊन टाका! ते ऐकून आम्ही चार-दोन जण भांडायला उठलो.

*

पहिल्या दिवशी मी गेटपाशी गेले तर गंजलेली पाटी. वर मोठ्या अक्षरांत ‘सार्वजनिक मैदान’. खाली त्याहून मोठ्या अक्षरांत ‘आत येण्यास सक्त मनाई’.

मी तशीच कार्यालयात गेले. टेबलावरचे बाबू डबा खात होते. मी विचारलं, “मैदान सार्वजनिक आहे ना?”

“हो.”

“मग मनाई कोणाला आहे?”

त्यांनी शांतपणे घास गिळला आणि म्हणाले, “पब्लिकले!”

*

तरी मी आत शिरलेच. काटे चुकवत शेवटच्या, नवव्या होलपाशी पोचले आणि थांबले. चहूकडे उकिरडा, आणि मधोमध एक गोल, काळसर, सारवलेल्या अंगणाइतका साफ. मी कौतुकाने त्यावर चार पावलं टाकली.

“ओ मॅडम! पाय कोनाचे हायेत थे?”

कडुनिंबाखालून एक पंचाहत्तरीचे गृहस्थ उठून आले. हे वानखडे काका. पूर्वी इथे कॅडी होते, म्हणजे खेळणाऱ्यांच्या काठ्यांची पिशवी उचलायचे. नंतर इथलेच माळी झाले. नोकरी संपली, मैदान बंद पडलं, पण काकांचं येणं बंद पडलं नाही.

त्यांनी मला समजावलं. दुसरीकडे होलभोवती हिरवळ असते, तिला ग्रीन म्हणतात. आमच्या वऱ्हाडात हिरवळीला पाजायला पाणी कुठून आणणार? म्हणून इथे बारीक रेतीत गाडीचं जळकं ऑइल कालवून पसरतात आणि दोरी बांधलेली फळी ओढून सपाट करतात. हा ब्राऊन! तेलकट रेतीत पाऊल उमटलं की ते वाऱ्याने जात नाही, तसंच राहतं. म्हणून कायदा एकच: ज्याचा शेवटचा पाय, फळी त्याने ओढायची.

“कलेक्टर सायेबाले बी ओढाले लावली म्या,” काका म्हणाले आणि दोरी माझ्या हातात दिली. “तुमी तर मॅडम हा!”

नऊपैकी आठ ब्राऊन गेले होते. हा एक त्यांनी एकट्याने, कोणी न सांगता, इतकी वर्षं रोज फळी ओढून जपला होता. आणि मी त्याच रस्त्याने रोज शाळेत जात होते. कधी आत डोकावले नाही! त्या दिवशी फळी ओढताना मला माझाच राग आला.

*

बाकीचे आठ ब्राऊन करायचे तर जळकं ऑइल पाहिजे. आमचे सलीम मिस्त्री गॅरेजवाले. त्यांनी साऱ्या लाईनमधल्या गॅरेजांतून डबे गोळा केले. लगेच कार्यालयाचं पत्र! मैदानावर ऑइल टाकण्याची लेखी परवानगी दाखवा.

बरं. परवानगीसाठी आम्ही हेलपाटे घालत होतो, त्याच आठवड्यात एक ट्रक गेटमधून मजेत आत आला आणि पाडलेल्या घराचा मलबा ओतायला लागला.

सलीमभाई समोर जाऊन उभे राहिले. “परमिशन बताव.”

ड्रायव्हर हसला. “कायची परमिशन, भाऊ? इथं सगळेच टाकतेत!”

सलीमभाईंनी हात घालून चावी काढली आणि खिशात टाकली. “सब डालते ना? तो फिर ट्रक भी यहीं डाल के जा!”

संध्याकाळपर्यंत तो मलबा ट्रकमध्ये परत भरला गेला. ड्रायव्हरने स्वतः भरला, आम्ही पाणी पाजलं.

*

आमच्याविरुद्ध सगळ्यात गाजलेलं भाषण म्हणजे ‘श्रीमंतांचा खेळ’. एका रविवारी आम्ही पन्नासेक जण बाभळी तोडत होतो. हातांना काटे, डोक्याला रुमाल. तेवढ्यात एक पांढरी मोठी गाडी आली. काच खाली झाली, पण आतले लॉनवाले गृहस्थ खाली उतरले नाहीत. एसी वाया जाईल ना! आतूनच म्हणाले, “गरिबाच्या पोरीचं लग्न लागू द्या की इथं. हा गोल्फ श्रीमंत लोकांचा खेळ. तुम्हाला कशाला पाहिजे?”

माझं डोकं असं सणकलं! पण मी बोलायच्या आत वानखडे काका कोयता घेऊन काचेशी गेले.

“सायेब, तुमी कधी खेयले का हा खेय?”

“नाही बुवा.”

“मी खेयलो. सोमवारी मैदान आमा कॅड्यायचं राहे. बाभयीच्या वाकड्या फांदीची काठी करून खेयलो.” काकांनी गाडी पुढून मागपर्यंत पाहिली. “मंग श्रीमंत कोन झाला?”

काच वर गेली.

*

बातमी पसरली तशी मदत यायला लागली. आपले लोक वाईट नाहीत हो, त्यांना कोणी विचारतच नाही! शेंदूरजनाघाटचा माझा एक जुना विद्यार्थी संत्र्याची बाग करतो. संत्र्यांनी लगडलेल्या फांद्यांना टेकू देतात, तसले नऊ सरळ बांबू त्याने पाठवले. होलवर झेंडे लावायला. कापड मी दिलं. माझ्या आईचं एक जुनं लुगडं होतं, त्याचेच नऊ झेंडे केले.

दुसऱ्या दिवशी कार्यालयातून फोन. “मॅडम, तक्रार आली आहे. मैदानावर झेंडे लावले म्हणे. कुठल्या पक्षाचे आहेत?”

गाजरगवत माजलं तेव्हा फोन आला नाही. मलबा पडला तेव्हा आला नाही. झेंडे दिसले आणि आला!

मी म्हटलं, “माझ्या आईच्या पक्षाचे!”

पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला. मग विचारलं, “त्यांचं चिन्ह काय आहे?”

*

आणि मग पाहणीचं पत्र आलं. गुरुवारी अधिकारी येणार. जागेवर वापर आढळला नाही, तर लॉनचा प्रस्ताव पुढे जाणार. वेळ लिहिलीच नव्हती.

मी वानखडे काकांना पत्र वाचून दाखवलं. त्यांनी ते पुन्हा वाचायला लावलं. “वापर आढयला नाई तर,” एवढंच ते स्वतःशी म्हणाले. मैदान गेलं तर आम्ही चार दिवस हळहळून दुसरं काम शोधलं असतं. त्यांना दुसरं काही नव्हतं.

गुरुवारी उजाडताच सारे जमले. फिरायला येणारे, माझ्या शाळेच्या मुली, सलीमभाईंची गॅरेजची मंडळी, बायका, लेकरं. खेळले, हुंदडले. अकरापर्यंत वाट पाहिली, कोणी आलं नाही. मे महिना. ऊन असं तापलं की मीच सगळ्यांना घरी पाठवलं.

दोन वाजता सलीमभाईंचा रस्त्यापलीकडच्या गॅरेजमधून फोन. “मॅडम, साहब आ गए.”

दुपारी दोन! मे महिन्यात! अमरावतीत! त्या वेळी कुत्रंसुद्धा गाडीखालून निघत नाही. त्यांना हे माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं! मी तोंडाला ओढणी गुंडाळली आणि स्कूटर काढली. वाटेत त्या साहेबांना काय काय बोलायचं त्याची तयारी केली. त्यातलं निम्मं इथे लिहिता येणार नाही.

पोचले तर साहेब मोबाईलवर रिकाम्या मैदानाचे फोटो काढत होते. हातात फॉर्म. मला पाहून म्हणाले, “बघा मॅडम, इथे तर कोणीच नाही.” आणि बोलता बोलता नवव्या ब्राऊनवर चढले, होलचा फोटो घ्यायला.

माझी नजर ब्राऊनवर गेली आणि मी साहेबांना विसरले. सारा ब्राऊन तुडवलेला! कॅनव्हासच्या बुटांच्या रेघा, चपला, लेकरांचे अनवाणी पाय, पायावर पाय. माझ्या झिजलेल्या टाचेची सँडलसुद्धा मला ओळखू आली. नेमका आजच!

“काका!” मी ओरडले. “अहो, आज फळी नाही ओढली?”

वानखडे काका कडुनिंबाखालून उठले. त्यांचे डोळे लाल झाले होते.

“सोमवारपासून नाई ओढली, मॅडम. तीन रात्री झोप नाई लागली मले. पन नाई ओढली.”

ते फळी घेऊन ब्राऊनच्या कडेशी आले, आत पाय टाकला नाही.

“सायेब, मानसं पाह्याले आले ना तुमी? हे पाहा. मोजा.”

साहेबांनी खाली पाहिलं. काकांनी दोरी त्यांच्यासमोर धरली.

“अन् मोजून झाले की पुसून द्या. शेवटचा पाय तुमचा हाय.”